कुत्र्याच्या नावात कुणाचं काय जातं?

इसवी सनापूर्वी सातव्या शतकात ॲसिरियाचा राजा असुरबनिपाल याच्या निनेव्ह इथल्या राजवाड्यात, एका दाराशी पाच कुत्री पुरून ठेवली होती. खरी नव्हेत, मातीची; तळहातावर मावतील एवढी. आत काही अरिष्ट शिरू नये म्हणून केलेला तो तोडगा होता. प्रत्येकाच्या अंगावर क्यूनिफॉर्म लिपीत त्याचं नाव कोरलेलं आहे. एक 'अरिष्टाला हाकलणारा', दुसरा 'शत्रूला पकडणारा', तिसरा 'वैऱ्याला चावणारा', चौथा 'दणदणीत भुंकणारा'. पाचव्याचं नाव तर सरळ हुकूमच आहे: 'विचार करू नकोस, चाव!' ही पाचही मंडळी सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये मुक्कामाला आहेत.

कुणी आपल्या कुत्र्याचं नाव जरा वेगळं ठेवलं की नाकं मुरडणाऱ्यांना मी या पाचव्या कुत्र्याची ओळख करून देतो. तक्रारी साधारण दोन असतात. एक, कुत्र्याला परकं, अगम्य नाव कशाला? दुसरी, कुत्र्याला माणसाचं नाव कशाला? या दोन्हींत मला काही तथ्य दिसत नाही. पण या तक्रारींवर जे ठरलेलं उत्तर येतं, 'जाऊ द्या हो, कुत्र्याला काय कळतंय', तेही मला पटत नाही. कुत्र्याला कळत नाही हे खरंच. म्हणून तर नावाची सगळी जबाबदारी ज्यांना कळतं त्यांच्यावर येते.

कुत्र्याला काय मिळतं ते आधी पाहू. त्याला मिळतो फक्त आवाज. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या झेनोफन या ग्रीक लेखकाला हे पक्कं ठाऊक होतं. शिकारीवरच्या त्याच्या पुस्तकात तो बजावतो की नाव लहान असावं, म्हणजे हाक मारायला सोपं जातं. आणि नुसतं बजावून थांबत नाही, तर ४७ नावांची यादीच पुढे ठेवतो. आत्मा, भाला, राखणदार, आनंद, मस्ती अशी ती नावं आहेत. त्यात ग्नोमे असंही एक नाव आहे. मराठीत त्याला 'विवेक' म्हणावं लागेल. (घरात विवेक असलेल्यांनी रागावू नये, ग्रीकांचा तसा काही हेतू नव्हता.) पुढे पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या रोमन शेतीतज्ज्ञाने त्यात भर घातली. नाव फार लांब नको, नाहीतर कुत्रा चटकन वळणार नाही; पण दोन अक्षरांहून तोकडंही नको. आजचे शिकवणारेही साधारण हेच सांगतात.

आवाज म्हणून मात्र कुत्रा आपलं नाव फार नेमकं ओळखतो. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. भोवताली बोलण्याचा गलका चालू ठेवायचा आणि त्यात एकदा कुत्र्याचं नाव ऐकवायचं, एकदा तशाच वळणाचं दुसरं नाव. गलका नावाच्या आवाजाइतकाच मोठा असतानाही कुत्री आपलं नाव वेगळं काढत होती. म्हणजे 'काय कळतंय' या वाक्याचा अर्धा भाग इथेच निकालात निघतो. हाक आपल्याला आहे, एवढं त्याला कळतं. हाकेचा अर्थ कळत नाही, इतकंच.

अर्थाचं ओझं कुत्र्यावर नसतं याचा उत्तम दाखला ध्रुवीय प्रदेशांचा शोध घेणाऱ्या अर्नेस्ट शॅकल्टनच्या मोहिमेत सापडतो. १९१४ साली 'एन्ड्युरन्स' जहाजातून अंटार्क्टिकाला निघालेल्या त्या तुकडीकडे स्लेज ओढायला कुत्र्यांचा मोठा ताफा होता, आणि त्यांच्या नावांची यादी शॅकल्टनने नोंदवून ठेवली आहे. मला ही यादी वाचायला फार आवडते. त्यात शेक्सपियर आहे, हर्क्युलिस आहे, १९११ साली दक्षिण ध्रुव गाठणारा अमुंडसेनही आहे. 'स्लॉबर्स' आहे, म्हणजे लाळ्या. 'स्प्लिटलिप' आहे, म्हणजे ओठफाटक्या. एकाचं नाव 'पेनफुल'. आणि एकाच ताफ्यात सेंटही आहे, सेटनही आहे. संत आणि सैतान तेच बर्फ तुडवत होते, तेच मांस खात होते. जहाज बर्फात चिरडून बुडालं आणि शिधा अपुरा पडू लागला, तेव्हा उरलेल्या सगळ्या कुत्र्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तिथे नाव बघून कुणी निवड केली नाही.

आता पहिली तक्रार: परकं नाव. इजिप्तचा राजा दुसरा इन्तेफ इसवी सनापूर्वी सुमारे २१०० च्या आगेमागे होऊन गेला. थीब्सजवळच्या त्याच्या थडग्यातल्या शिळेवर राजाबरोबर त्याची कुत्रीही कोरलेली आहेत, नावांसकट. ही नावं इजिप्शियन नाहीत. ती पश्चिमेकडच्या वाळवंटातल्या लोकांच्या, म्हणजे आज आपण ज्यांना बर्बर भाषा म्हणतो त्या कुळातल्या बोलीतली आहेत. एकाचं नाव बेहकाई, दुसऱ्याचं पेहतेस. इजिप्तच्या लोकांनाही ती कळणार नाहीत म्हणून शिळेवरच खुलासा दिला आहे: बेहकाई म्हणजे हरीण, पेहतेस म्हणजे काळा. थोडक्यात, चार हजार वर्षांपूर्वीसुद्धा चांगलं कुत्रं बाहेरून यायचं, येताना आपलं नाव घेऊन यायचं, आणि घरच्यांना ते कुणाला तरी समजावून सांगावं लागायचं.

या शिळेची पुढची गोष्ट तर आणखी मजेची. जवळजवळ हजार वर्षांनी थीब्समध्ये थडगी फोडणाऱ्या चोरांचा सुळसुळाट झाला आणि सरकारी पथक राजांच्या थडग्यांची पाहणी करायला निघालं. त्या पाहणीचा अहवाल पपायरसवर लिहिलेला आजही शाबूत आहे. इन्तेफच्या थडग्याशी पोचल्यावर कारकुनाने लिहिलं आहे की राजाची प्रतिमा शिळेवर उभी आहे आणि त्याच्या पायांमध्ये त्याचा बेहका नावाचा कुत्रा आहे. चोरीच्या चौकशीला आलेल्या माणसाला कुत्र्याचं नाव लिहायची काही गरज नव्हती. तरी त्याला ते लिहावंसं वाटलं. साधं, ओळखीचं नाव असतं तर कदाचित वाटलंही नसतं.

दुसरी तक्रार, माणसांच्या नावांची, थोडी जास्त तावातावाने केली जाते. कुत्र्यांना माणसांची नावं हे आजकालचं, एकेकट्या कुटुंबांचं, मुलांऐवजी कुत्री वाढवणाऱ्या पिढीचं खूळ आहे, असा सूर असतो. प्रमाण वाढलं आहे यात शंका नाही. न्यू यॉर्कजवळच्या हार्ट्सडेल इथे १८९६ साली सुरू झालेल्या प्राण्यांच्या स्मशानभूमीतले दगड पाहिले तर जुन्या दगडांवर रंगावरून, रुबाबावरून ठेवलेली नावं दिसतात आणि पुढच्या काळात माणसांची नावं वाढत जातात, कधी कधी तर आडनावासकट. पण खूळ नवं आहे हे काही खरं नाही. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात दुसऱ्या शतकातला एक रोमन थडग्याचा दगड आहे. त्यावर देवळीसारख्या चौकटीत एक गुबगुबीत, झुपकेदार शेपटीचं छोटं कुत्रं कोरलेलं आहे आणि खाली लॅटिनमध्ये लिहिलं आहे: मानसकन्या हेलेना हिच्यासाठी, जिला तोड नाही अशा आणि सर्वस्वी योग्य अशा जिवासाठी. हेलेना हे त्या कुत्रीचं नाव की कुत्रं लाडकं असलेल्या एखाद्या मुलीचं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. ज्याने दगड घडवून घेतला त्याला मात्र खुलासा करावासा वाटला नाही.

त्याच सुमाराचा दुसरा दगड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, जन्मलेली शिकारी कुत्री होती, पिल्लं होताना गेली, आणि दगडावर स्वतःची हकीकत ती स्वतःच पद्यात सांगते. तिचं नाव मार्गारिटा. म्हणजे मोती! पुढे हे नाव बायकांचं म्हणून युरोपभर रुळलं आणि मोती आपल्याकडे कुत्र्यांचा राहिला. कुणी कुणाचं नाव उचललं हे ठरवायला बसलो तर माणसांचीच पंचाईत व्हायची.

मधल्या काळाबद्दल फार रेंगाळत नाही. एवढंच सांगतो, की १५०४ साली झ्युरिकला भरलेल्या नेमबाजीच्या जत्रेला आलेल्या ८० कुत्र्यांची नावं नोंदलेली सापडतात. त्यात सगळ्यात जास्त वेळा येतं 'फ्युर्स्ट', म्हणजे संस्थानिक. पण मला आवडतात ती कामकऱ्यांची कुत्री. कुलपं बनवणाऱ्याच्या कुत्र्याचं नाव 'हातोडी', गाडी बनवणाऱ्याच्या कुत्र्याचं 'आरी', चाकाची आरी. घरात जे सतत हाताशी असतं त्याचंच नाव. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन बेन्स जॉन्सन यांनी तेच वेगळ्या तऱ्हेने केलं. त्यांची स्वतःची, पत्नीची आणि दोन्ही मुलींची आद्याक्षरं एलबीजे. म्हणून एका कुत्र्याचं नाव त्यांनी 'लिटल बीगल जॉन्सन' ठेवलं. पुढे कल्पकता आटली असावी, कारण व्हाइट हाउसमधल्या त्यांच्या बीगल जोडीची नावं होती 'हिम' आणि 'हर'.

कधी कधी विचित्र नावामागे मालकाची लहर नसते, नियम असतो. फ्रान्समध्ये वंशावळ असलेल्या कुत्र्यांसाठी वर्षाचं अक्षर ठरलेलं असतं. त्या वर्षी जन्मलेल्यांची नावं त्या अक्षराने सुरू व्हायला हवीत. २०२५ चं अक्षर 'ए' होतं. नावं शोधायला अडचणीची सहा अक्षरं वगळली आहेत, पण 'यू' वगळलेलं नाही, आणि २०२३ हे 'यू'चं वर्ष होतं. तेव्हा एखादा 'युरेनस' भेटला तर त्याच्या मालकाला हसू नये.

एका नावाजवळ मात्र जरा थांबायलाच हवं. सप्टेंबर १९५१ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ कुत्र्यांना अग्निबाणातून वर पाठवून सुखरूप खाली आणण्याचे प्रयोग करत होते. एका उड्डाणाच्या आधी ठरलेल्यांपैकी एक कुत्रा पळून गेला. वेळ नव्हता, तेव्हा आसपास हिंडणारं एक भटकं कुत्रं धरलं, प्रशिक्षण वगैरे काही न देता बसवलं आणि पाठवलं. ते सुखरूप परत आलं. त्याचं नाव नोंदवलं गेलं 'झिब'. हा रशियन आद्याक्षरांचा शब्द आहे: बेपत्ता बोबिकच्या जागी बदली! कार्यालयीन टिपणीसारखं हे नाव. पण त्या तीन रशियन शब्दांत धांदल आहे, वरिष्ठांची भीती आहे, आणि निभावलं एकदाचं म्हणून सोडलेला सुस्काराही आहे. कुठल्याही 'बहाद्दर'पेक्षा हे नाव मला जास्त खरं वाटतं, कारण जे घडलं तेच त्यात आहे.

त्याच कार्यक्रमातली पुढची नावं बघा म्हणजे फरक कळेल. १९५७ साली पृथ्वीभोवती फिरलेली पहिली कुत्री आपल्याला 'लायका' म्हणून माहीत आहे, म्हणजे भुंकणारी. प्रयोगशाळेत तिला 'कुद्र्याव्का' म्हणत, कुरळ्या केसांची. मार्च १९६१ मध्ये गेलेल्या 'उदाचा' म्हणजे 'नशीब' नावाच्या कुत्रीला उड्डाणाआधी युरी गागारिनने 'झ्व्योझ्दोच्का', छोटी तारका, असं नाव दिलं. कुरळी, नशीब, झिब ही कुत्र्याजवळ बसून ठेवलेली नावं. लायका, तारका ही जगाला ऐकवायची नावं. कुत्र्याचं नाव कुत्र्याकडे न बघता दुसऱ्याच कुणाला ऐकू जावं म्हणून ठेवलं जातं, तेव्हा त्याची जातच बदलते. तारकेच्या बाबतीत ते निरुपद्रवी होतं. नेहमी नसतं.

आणि इथे 'गंमत आहे हो' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण सुरू होतं. कुत्र्याचं नाव मनातल्या मनात घ्यायचं नसतं. ते दिवसातून वीस वेळा, मोठ्याने, उघड्यावर, आणि बहुतेक वेळा हुकमी सुरात घ्यायचं असतं: इकडे ये, बस, सोड, चूप. शेजाऱ्याचं, एखाद्या जमातीचं, एखाद्या धर्मातल्या पूज्य व्यक्तीचं नाव कुत्र्याला ठेवणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं. गंमत येते ती तिथूनच. कुत्र्याला हाक मारल्याचा बहाणा करून दुसऱ्याला रोज 'चूप' म्हणता येतं. आणि त्याने हरकत घेतली तर 'मी तर कुत्र्याला बोलत होतो' म्हणत हात झटकता येतात. हे विचित्र नाव नव्हे, भेकड शिवी आहे.

याला एक प्रामाणिक आक्षेप आहे. मग सत्ताधाऱ्याची टर उडवायला ठेवलेलं नाव? फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात एक औषधांचा ठोक व्यापारी होता. त्याची बायको जर्मन, नाझींचा तिरस्कार करणारी. त्यांच्या जॅकी नावाच्या कुत्र्याला ती अधूनमधून 'हिटलर' म्हणायची, आणि 'हिटलर' म्हटलं की तो पंजा वर करायचा. ही खबर जर्मन वकिलातीत पोचली. १९४१ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, बर्लिनमधली खाती या कुत्र्यावर पत्रव्यवहार करत बसली. व्यापाऱ्याला बोलावून जाब विचारला गेला, त्याचा औषधपुरवठा तोडायचे घाट घातले गेले. शेवटी साक्ष द्यायला कुणी पुढे येईना म्हणून प्रकरण मिटलं. ही कागदपत्रं २०११ मध्ये उजेडात आली तेव्हा जग हसलं. पण २०१९ मध्ये चीनच्या अनहुई प्रांतात कुत्री विकणाऱ्या एका तरुणाला पोलिसांनी दहा दिवस कोठडीत ठेवलं, ते याच कारणासाठी. त्याने दोन कुत्र्यांना ठेवलेली नावं म्हणजे तिथल्या शहर व्यवस्थापन पथकाच्या आणि वाहतूक सहायकांच्या पदांची नावं होती. आपण सहज गंमत केली, असं त्याचं म्हणणं होतं.

माझं मत सरळ आहे. कुत्र्याच्या नावावरून माणसाला आत टाकणाऱ्या सत्तेने स्वतःबद्दल जे सांगितलं, ते त्या नावाने सांगितलं नव्हतं. पोलिसांनी यात पडायचं काही कारण नाही, नाव सुंदर असो की घाण. पण कायद्याने मोकळीक असणं आणि माणुसकीने ती घेणं या दोन गोष्टी आहेत. दंडुका ज्याच्या हातात आहे त्याचं नाव कुत्र्याला देणारा स्वतः धोका पत्करतो. ज्याला उलट उत्तर द्यायची सोय नाही त्याचं नाव देणारा काहीच पत्करत नाही. दोघेही 'गंमत केली' म्हणतात, म्हणून त्यांना एका मापाने मोजायचं का?

या वादातलं सगळ्यात अवघड उदाहरण एका थडग्याचं आहे. १९४३ साली जर्मनीतली धरणं फोडणाऱ्या ब्रिटिश विमानदळाच्या तुकडीच्या प्रमुखाकडे, गाय गिब्सन याच्याकडे, काळा लॅब्रेडोर होता. मोहिमेच्याच दिवशी, १६ मे रोजी, मोटारीखाली सापडून तो मेला आणि लिंकनशायरमधल्या स्कॅम्प्टनच्या तळावर त्याला पुरलं. त्याचं नाव म्हणजे कृष्णवर्णीयांना दिली जाणारी, आज छापलीही जात नाही अशी शिवी. म्योने धरण फुटल्याचा सांकेतिक शब्दही तोच होता. २०२० साली विमानदळाने थडग्यावरचा दगड बदलला. नव्या दगडावर कुत्र्याची हकीकत आहे, नाव नाही. इतिहास पुसला म्हणून गदारोळ झाला. त्यात एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा आला: त्या काळी तो नुसता रंगाचा शब्द होता, कुत्रा काळा म्हणून नाव तसं.

रंगावरून नाव ठेवण्यात काहीच वावगं नाही. इन्तेफचा पेहतेसही 'काळा'च होता. ऋग्वेदातल्या यमाच्या दोन कुत्र्यांना 'शबल' म्हटलं आहे, म्हणजे ठिपकेदार. पण पेहतेस या शब्दाने माणसांना बाजारात उभं केल्याचं कुणी म्हणत नाही. त्या दुसऱ्या शब्दाने केलं होतं, आणि १९४३ साली ज्यांना उद्देशून तो वापरला जाई त्यांना तेव्हाही तो निव्वळ रंग वाटत नव्हता. नाव ठेवणाऱ्याने त्यांचा विचारच केला नाही, असं फार तर म्हणता येईल. म्हणून दगड बदलला ते बरं झालं, असं मला वाटतं. पुस्तकात, मोहिमेच्या कागदपत्रांत ते नाव जसंच्या तसं राहावं. तिथे ते पुरावा आहे. थडग्यावर ते मानाने मारलेली हाक होतं. यात कुत्र्याकडे कसलाच दोष जात नाही, आणि नव्या दगडाने त्याचा मानही काढून घेतलेला नाही.

जिवंत कुत्र्याच्या बाबतीत तर एवढाही खटाटोप नाही. आधीच्या मालकाने 'किलर' नाव ठेवलेलं कुत्रं घरी आणलं, आणि ते नाव ऐकून रस्त्यावरची माणसं मुलांना मागे ओढू लागली, की त्या ताणलेल्या माणसांमुळे कुत्रंही बिथरतं. अशा वेळी नाव खुशाल बदलावं. आवाजाने जवळचं नवं नाव शोधायचं, काही दिवस जुनं आणि नवं जोडून घ्यायचं, वळून पाहिलं की लगेच खाऊ द्यायचा, आणि मग जुनं हळूच गाळायचं. बहुतेक कुत्री थोड्याच आठवड्यांत नव्या हाकेला धावत येतात. जुनं नाव तोंडातून निसटतं ते घरातल्या माणसांच्याच.